कॅम्परची फर्नेस पेटत नसेल, तर आधी नीट ऐका

कॅम्परमधली, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीतली, प्रोपेन फर्नेस (गॅसवर हवा गरम करणारा हीटर) ठरलेल्या क्रमाने सुरू होते. तो क्रम पाठ असला की नुसतं ऐकूनही निम्मं निदान होतं. थर्मोस्टॅटने उष्णता मागितली की आधी ब्लोअर, म्हणजे हवा ढकलणारा पंखा, फिरतो. त्याच्या वाऱ्याने सेल स्विचचं छोटं पातं ढकललं जाऊन स्विच लागतो. सेल स्विच आणि लिमिट स्विच (फर्नेस फार तापली की बर्नर बंद करणारा) दोन्ही लागलेले असले, तरच कंट्रोल बोर्ड पुढचं पाऊल टाकतो. तोही आधी साधारण 15 सेकंद नुसती हवा खेळवतो, म्हणजे आत गॅस राहिला असेल तर निघून जावा. मग गॅस व्हॉल्व्हची ‘टक्’, ठिणगीची तडतड आणि ज्योत धरल्याचा ‘भुस्स’ असा आवाज. यातला कुठला आवाज आला नाही, ते बघून शोध सुरू करायचा.

गॅसचा वास येत असेल तर मात्र कसलीही तपासणी नको. सगळ्यांनी बाहेर पडा, सिलिंडर बाहेरून बंद करा, दिव्याच्या बटणालाही हात लावू नका. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो आणि फरशीलगत साचून राहतो.

ब्लोअरच फिरत नसेल तर फ्यूज बघा. मग थर्मोस्टॅट. साधा दोन वायरींचा असेल तर त्या दोन्ही सोडवून एकमेकींना जोडा. ब्लोअर फिरला तर थर्मोस्टॅट गेला. जास्त वायरींच्या डिजिटल थर्मोस्टॅटवर हा प्रयोग करू नका. जुन्या फर्नेसमध्ये ब्लोअर काही सेकंद उशिरानेच सुरू होतो, त्यामुळे लगेच निष्कर्ष काढू नका.

ब्लोअर फिरतो, पण पुढे काहीच होत नाही, ही सर्वात जास्त आढळणारी तक्रार. लोक इथे गॅसला दोष देतात. बहुतेक वेळा दोष विजेचा असतो. व्होल्टेज कमी असलं तरी ब्लोअर फिरतो, पण संथ, आणि तेवढ्या वाऱ्याने सेल स्विचचं पातं हलत नाही. म्हणून मल्टीमीटर फर्नेसच्याच टर्मिनलवर लावा, तोही ब्लोअर चालू असताना. तिथे 10.5 व्होल्टच्या खाली आकडा आला तर आधी तो प्रश्न सोडवा. काहीही चालू नसताना बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवते याला अर्थ नाही, कारण थकलेली बॅटरी लोड आला की लगेच बसते. बॅटरी चांगली असेल तर गंजलेले टर्मिनल, सैल अर्थिंग आणि बारीक वायर तपासा. बाहेरची वीज जोडताच फर्नेस पेटत असेल, तर संशय बॅटरीवरच घ्या.

व्होल्टेज ठीक असेल तर वीज आणि गॅस दोन्ही बंद करून सेल स्विच काढा. पात्यावर धूळ, कुत्र्याचे केस किंवा मेलेला किडा अडकलेला असतो. बोटाने हलकं दाबलं की ‘टिक्’ ऐकू यायला हवी आणि मीटरवर सर्किट पूर्ण झालेलं दिसायला हवं. स्विच स्वस्त असतो; शंका आली की बदलून टाका. तो वगळून वायर थेट जोडण्याची युक्ती मात्र कोणी सांगितली तरी ऐकू नका. उद्या ब्लोअर बंद पडला तर बर्नर जळतच राहू शकतो.

ठिणगी पडते पण ज्योत नाही? आधी शेगडी पेटवून बघा. तिथेही ज्योत मलूल असेल तर सिलिंडर किंवा रेग्युलेटर बघायचा. गॅसचा दाब मॅनोमीटरवर (दाब मोजण्याच्या उपकरणावर) पाण्याचे 11 इंच असावा. सिलिंडर झटक्यात उघडला तर त्यातला सुरक्षा व्हॉल्व्ह गॅस जवळपास अडवून टाकतो. सगळी उपकरणं आणि सिलिंडर बंद करा, थोडं थांबा आणि मग सावकाश उघडा. शेगडी नीट जळत असेल तर बाहेरच्या धुराड्यात कुंभारमाशीचं घर किंवा बर्नरमध्ये कोळ्याचं जाळं सापडू शकतं. गॅसच्या नोझलमध्ये तार घालू नका. भोक जरासं मोठं झालं तरी ज्योत बिघडते. बहुतेक बोर्ड तीन प्रयत्नांनंतर थांबतात. थर्मोस्टॅट बंद करून पुन्हा लावला की नव्याने सुरुवात होते.

ठिणगीच नसेल तर इलेक्ट्रोडची चिनीमाती तडकली आहे का बघा आणि फट सुमारे 3 मिलिमीटर आहे का मोजा.

ज्योत लागून काही सेकंदांत विझत असेल, तर बोर्डाला ती ‘दिसत’ नाही. बऱ्याच फर्नेसमध्ये ठिणगी देणारा इलेक्ट्रोडच ज्योतीतून जाणारा मायक्रोअँपिअरचा प्रवाह टिपतो. त्यावर काजळी चढली किंवा अर्थिंग कच्चं असलं की बोर्ड गॅस तोडतो. बारीक स्टीलवूलने इलेक्ट्रोड पुसा आणि टोक ज्योतीतच राहतं याची खात्री करा.

गरम हवा येते, मग बर्नर विझतो, ब्लोअर चालूच, आणि थोड्या वेळाने पुन्हा पेटतो, हे लिमिट स्विचचं काम. स्विच बहुधा निर्दोष असतो. उष्णतेला बाहेर जायला वाट नसते. एका खोलीत जास्त ऊब हवी म्हणून बाकीच्या जाळ्या बंद केलेल्या असतात, डक्ट चेपलेला असतो, किंवा परतीच्या हवेच्या जाळीला सामान टेकवलेलं असतं.

ज्योत पिवळी असेल, धुराड्याभोवती काजळी असेल किंवा हीट एक्स्चेंजरला (ज्योतीची उष्णता खोलीतल्या हवेला देणाऱ्या धातूच्या कप्प्याला) तडा दिसला, तर फर्नेस वापरणं थांबवा. तडा बुजवून चालत नाही, भागच बदलावा लागतो. नाहीतर कार्बन मोनॉक्साइड झोपायच्या जागेत येतो. त्याचा अलार्मही कायमचा नसतो. पाठीवर छापलेली मुदत वाचा आणि ती उलटली असेल तर बटण दाबल्यावर वाजला तरी नवा बसवा.