बंद क्रशरमध्ये हात घालण्याआधी

माझं डाव्या हाताचं मधलं बोट बंद मशीनमध्ये गेलं.

जालना जिल्ह्यातल्या एका खडी क्रशरवर मी तेव्हा फिटर होतो. मे महिना, भर दुपार, लाईट गेलेली. खडी वाहून नेणाऱ्या कन्व्हेयर पट्ट्याच्या टेल पुलीत, म्हणजे मागच्या टोकाच्या चाकात, दगड अडकला होता. लाईट येईस्तोवर काढून टाकू म्हणून हात घातला. वायरमनने स्टार्टरला ऑटो स्विच बसवलाय, विहिरीवरच्या मोटारीला असतो तसा, हे मला ठाऊकच नव्हतं. लाईट आली, पट्टा आपोआप सुरू झाला.

तेव्हापासून लाईट गेली म्हणजे मशीन बंद झाली, असं मी धरत नाही. पॅनेलवर जायचं, त्या मोटारीचा मेन स्विच पाडायचा, त्याला आपलं कुलूप लावायचं अन् किल्ली आपल्या खिशात ठेवायची. नुसतं लाल बटण दाबून भागत नाही, ते कुणीही येता-जाता सोडवतं. चौघं कामाला असतील तर चार कुलपं लावायची. कुलपाला जागा नसेल तर स्विच पाडल्यावर वायरमनकडून किटकॅट फ्यूज उपसून घ्यायचे अन् तेही खिशात टाकायचे. मग स्टार्टचं बटण दाबून बघायचं. हे शेवटचं सगळे टाळतात. आमच्याकडे पॅनेलवर ‘पट्टा २’ लिहिलं होतं आणि वायर तीन नंबरच्या पट्ट्याला गेलेली होती. बटण दाबलं म्हणून कळलं.

ऑटो स्विच विहिरीवर ठीक आहे. क्रशरवर दिसला तर त्याच दिवशी काढायला लावा.

लाईटनंतर वजन बघायचं. नव्या पोरांना हे लवकर पटत नाही. जॉ क्रशरचं, म्हणजे जबड्यात दगड दाबून फोडणाऱ्या मशीनचं, फ्लायव्हील हे जड चाक बटण बंद केल्यावरही बराच वेळ गरगरत राहतं. थांबलं तरी जड बाजू वर राहिली असेल, तर तुम्ही व्ही-बेल्ट काढताच चाक फिरून ती बाजू खाली येते. बैलगाडीचं जू सोडलं अन् गाडी उलाळ झाली, तसंच. म्हणून बेल्ट काढण्याआधी चाक साखळीने फ्रेमला जखडायचं. चढावरचा पट्टा खडीने भरलेला असेल तर तोही मागे पळतो, आधी रिकामा करा.

जबड्यात अडकलेला दगड सगळ्यात वाईट. वरून गरीब दिसतो, पण दोन्ही बाजूंनी दाबलेला असतो. पहार घालून उचकटला की एकदम सुटतो आणि पहारीचं टोक आपल्याच छातीत बसतं. बाहेरून साखळी टाकून चेनब्लॉकने, म्हणजे हाताने ओढायच्या साखळीच्या कप्पीने, उचलायचा. वेळ लागतो, मुकादम ओरडतो, ओरडू द्या. आत उतरणं भागच असेल तर जबड्यात दगड सोडणाऱ्या फीडरमधला वरचा माल आधी काढा, डंपरच्या रॅम्पवर ड्रम आडवा टाका आणि ड्रायव्हरची चावी मागून घ्या. त्याला खेपा मोजायच्या असतात, खाली कोण उतरलंय ते तो बघायला येत नाही.

गळ्यात दस्ती नको. कडं, अंगठी, मनगटातला गंडा काढून डब्यात ठेवा. जॉ प्लेटवर घण मारताना चष्मा लावाच, कपची उडते.

काम झालं की गार्ड, म्हणजे फिरत्या भागांवरची जाळी, बसवल्याशिवाय कुलूप काढायचं नाही, आणि ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. तो भाकर खायला गेला असेल तर खाऊ द्या.

तरी कुणाचा हात अडकलाच तर मोटार उलटी फिरवून सोडवू नका, आणखी चिरडतो. स्विच पाडा, पट्टा कापा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडक्याने घट्ट दाबून धरा अन् १०८ ला फोन लावा. हळद, चहापत्ती काही भरू नका. तुटलेलं बोट ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून पिशवीत बांधायचं आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची. माझं बोट कुणीतरी थेट बर्फात घालून आणलं होतं. डॉक्टरांनी बघितलं अन् बाजूला ठेवलं.

दवाखान्यात ‘कामावर लागलं’ असंच लिहून घ्या. माझ्या केसपेपरवर ‘घरी पडून’ आलं, कारण सांगणारा मुकादम होता आणि मी शुद्धीत असून नसल्यासारखा. ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, असेल तर अशा इजेत बसून काढलेल्या दिवसांचे पगाराच्या ९० टक्क्यांच्या हिशेबाने पैसे मिळतात, नसेल तर मालकाकडे भरपाई मागता येते. पण त्यासाठी कागद लागतो. केसपेपरचा मोबाइलवर फोटो काढून लगेच घरी पाठवा, तो मुकादमाच्या खिशात जायच्या आधी.