जुन्या जीपला तिच्या काळाचंच इंजिन शोधताय? मग आधी हे बघा

रावेरकडं आमच्या मळ्यात आजोबांची जीप आहे, सीजे-थ्री-बी, ती उंच बोनेटवाली. मी तिला कायम डिझेलच बघितलं, केळीच्या बागेतून धडधडत यायची, त्यामुळे तिच्यात मुळात पेट्रोल इंजिन होतं हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. पेट्रोल परवडेना तेव्हा आपल्याकडं बहुतेकांनी पेट्रोल इंजिन काढून डिझेल टाकलं, कुणी इंटरनॅशनल ट्रॅक्टरचं, कुणी प्युजो, कुणी मॅटाडोरचं. गाडी शेतात चालायला पाहिजे होती, त्यांचं काहीच चुकलं नाही. पण आता तीच जीप मूळ रूपात आणायची म्हटली की सगळं इंजिनापाशी अडतं. मला शोधायला दोन वर्षं लागली आणि त्यातलं पहिलं वर्ष नुसतं वाया गेलं, कारण नेमकं काय शोधायचंय हेच मला नीट माहीत नव्हतं.

म्हणून आधी ओळख पक्की करा. महिंद्रानं चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज या अमेरिकन कंपनीच्या जीप जोडायला घेतल्या, तेव्हा पासूनच्या जुन्या जीपांत दोन पेट्रोल इंजिनं दिसतात. एक साइड व्हॉल्व्हचं, म्हणजे सगळे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्येच, ज्याला गो डेव्हिल म्हणतात, युद्धातल्या जीपमधलं, 60 हॉर्सपॉवरचं. दुसरं हरिकेन, एफ-हेड. यात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्येच राहिले, ताकद 70 च्या वर गेली. पण इंजिन उंच झालं ना, जुन्या बोनेटखाली बसेना, म्हणून तर 1953 साली विलीजनं उंच बोनेटची सीजे-थ्री-बी काढली. आता घोळ असा की दोन्ही इंजिनं 2199 सीसीचीच, बोअर-स्ट्रोक म्हणजे सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची चालपण तीच, त्यामुळे विकणारा बिनधास्त सांगतो की भाऊ एकच आहे, बसून जाईल. बसतं पण! फक्त उंच बोनेटच्या गाडीला साइड व्हॉल्व्हचं इंजिन तिच्या काळाचं नाही. लांबून ओळखायचं तर हेड बघा. हेड सपाट, प्लग वरून उभे घातलेले आणि कार्बोरेटर बाजूला मॅनिफोल्डवर, तर साइड व्हॉल्व्ह. वर रॉकर कव्हर आणि कार्बोरेटर थेट हेडवर, तर हरिकेन.

मग आरसी काढा. सध्याची नुसती बघू नका, घरातल्या पेटीतलं जुनं पिवळं पडलेलं पुस्तक शोधा, त्यात पहिला इंजिन नंबर आणि इंधन लिहिलेलं असतं. काही जीपा कंपनीतूनच डिझेल आल्यात, तुमची तशी असेल तर पेट्रोलच्या मागं लागायचं कारणच नाही, तिचं खरं इंजिन डिझेलच. जुना नंबर सापडला तर तेच इंजिन परत मिळतं का ते आधी बघा, ती सगळ्यात भारी गोष्ट. नाही मिळालं तर त्याच प्रकारचं आणि गाडी बनली त्या सालाचं किंवा थोडं आधीचं घ्या. गाडीपेक्षा नंतरचं इंजिन टाकलं तर गाडी चालेल, पण जाणकार माणूस लगेच पकडतो.

आता शोधायचं कुठं. मी आधी मुंबई, पुणे, पार दिल्लीच्या मायापुरीतल्या भंगार बाजारापर्यंत फोन लावले आणि शेवटी इंजिन सापडलं चोपड्याकडं एका खळ्यात, ताडपत्रीखाली. बदललेली इंजिनं गेली कुठं याचा विचार करा. एवढं जड लोखंड माणूस लगेच विकत नाही, पुढं कामाला येईल म्हणून ठेवून देतो. त्यामुळे ज्या मिस्तरीनं त्या काळात डिझेल बसवून दिली त्याला गाठा, तो नसेल तर त्याचा पोरगा किंवा तेव्हाचा हेल्पर. धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर असे दोन्ही हायवे मिळतात, तिथले जुने गॅरेजवाले सोडू नका. आणि माझा अनुभव सांगतो, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावाकडं चक्कर मारा. सगळे घरी आलेले असतात, म्हातारे निवांत बसलेले असतात, कुणाच्या वाड्यात काय पडलंय ते तेच सांगतात. मला चोपड्याच्या त्या खळ्यातल्या आप्पांनी आधी "काय जोयजे भाऊ तुले", म्हणजे काय पाहिजे तुला, एवढंच विचारलं होतं, मग आजोबांची जीप म्हटल्यावर स्वतः उठून ताडपत्री काढली.

बघायला जाताना टॉर्च, वायर ब्रश, रॉकेल आणि खडू न्या. हसू नका, सांगतो. हरिकेनचा नंबर ब्लॉकच्या पुढच्या बाजूला, वॉटर पंपाजवळच्या उंचवट्यावर ठोकलेला असतो. ब्रशनं घासा आणि नीट बघा. जागा ग्राइंडर मारल्यासारखी चकचकीत असेल किंवा आकडे वाकडेतिकडे असतील तर तिथूनच परत फिरा. मी पहिलं इंजिन असंच घेतलं होतं, ग्रीस पुसलंच नाही, घरी आणून धुतलं तर नंबरची जागा घासलेली. सगळे पैसे बुडाले, आणि चोरीचा माल आपल्या दारात येतो ती धाकधूक वेगळीच. नंबर नवा ठोकून देतो म्हणणारेही भेटतील, त्यांच्या नादी अजिबात लागू नका.

नंतर हँडल मारून फिरतंय का बघा. जाम असेल तर घाबरू नका, प्लगच्या भोकातून डिझेल सोडून काही दिवस ठेवलं तर बरीच सुटतात. खरी भीती चिरेची. ती एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटपासून सिलिंडरकडं जाते, म्हणून विकणारा हेड काढू देत असेल तरच पुढचं बोला. तिथं रॉकेल लावायचं, कोरडं पुसायचं, वरून खडूची पूड लावायची. चीर असेल तर आतलं रॉकेल बाहेर येऊन पुडीवर ओली रेघ उमटते. आपल्या बोअरवेलच्या जड पाण्यानं आत खार पण बसलेला असतो, वॉटर जॅकेटमध्ये, म्हणजे ब्लॉकमधल्या पाण्याच्या पोकळीत, तार घालून बघा. सिलिंडरचा बोअर मोजायला लेथवाल्याला सोबत घ्या, स्टँडर्ड 3.125 इंच, म्हणजे 79.4 मिलिमीटरच्या आसपास. साठ थाऊपर्यंत (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) बोअर आधीच वाढवलेला असेल तर पुढं स्लीव्हच, म्हणजे आत नवी नळीच, टाकावी लागेल, भाव तसा करा.

नुसतं इंजिन उचलून आणू नका. बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कवच), फ्लायव्हील, क्लचचा फोर्क, माउंटिंग, मॅनिफोल्ड, एअर क्लीनर, जे जे सोबत असेल ते सगळं मागून घ्या. डिझेल बसवताना मधे अडॅप्टर प्लेट टाकलेली असते किंवा गिअरबॉक्सच बदललेला असतो, मग पेट्रोलचं हाउसिंग वेगळं शोधताना जीव जातो. सहा व्होल्टचा आणि बारा व्होल्टचा स्टार्टर वेगळा, म्हणून फ्लायव्हीलचे दात मोजून घ्या.

आणि कागद. ज्या गाडीतून इंजिन निघालं तिच्या आरसीची कॉपी आणि इंजिन नंबर टाकून लिहिलेली विक्रीची पावती, हे दोन्ही असल्याशिवाय पैसे देऊ नका. इंजिन बदल हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये येतो, त्यामुळे बसवायच्या आधीच आरटीओत जाऊन विचारा, मग जळगाव असो, धुळे की नंदुरबार. गाडी 50 वर्षांच्या वरची असेल तर 2021 च्या नियमांनी व्हिंटेज नोंदणी मिळते, त्यात नंबरमध्ये व्हीए अक्षरं येतात, नव्या नोंदणीला 20,000 रुपये फी आहे आणि ती 10 वर्षं चालते. पण तिथं अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल नको. म्हणून तर एवढी धडपड.

काढलेलं डिझेल इंजिन मात्र लगेच भंगारात देऊ नका. नवा नंबर आरसीवर चढेपर्यंत कागदावर तेच तुमच्या गाडीचं इंजिन आहे. आमचं अजून खळ्यात आहे, त्याच ताडपत्रीखाली, आप्पांनी इंजिनासोबत ती पण देऊन टाकली होती.