विद्यार्थ्यांचा माहितीपट आणि मोबाइल : संकलनाला बसण्यापूर्वी या चुका टाळा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, तेव्हा ‘घेऊन जा गे मारबत’च्या आरोळ्यांत मोबाइल उंचावून उभ्या असलेल्यांमध्ये महाविद्यालयाच्या प्रकल्पासाठी माहितीपट करणारे विद्यार्थीही असतात. विषयाची निवड उत्तमच आहे; मात्र ही मिरवणूक पुन्हा टिपायची तर वर्षभर थांबावे लागते, म्हणून चित्रणात राहिलेली उणीव त्याच सत्रात भरून काढता येत नाही. पुढे संगणकासमोर ‘सॉफ्टवेअरच बिघडले’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिचे मूळ बहुतेक वेळा चित्रणात किंवा फाइली साठवण्याच्या पद्धतीत असते. तेथपर्यंत माग काढता आला की निम्मे डिजिटल शिक्षण झालेच म्हणायचे.

क्लिपच्या जागी ‘मीडिया ऑफलाइन’ दिसणे

संकलनाचा (एडिटिंगचा) प्रोग्राम मूळ चित्रफीत स्वतःच्या पोटात ठेवत नाही. ती संगणकात कोणत्या जागी आहे एवढीच नोंद तो ठेवतो. त्यामुळे ‘डाउनलोड्स’मधून थेट संकलन सुरू करून नंतर ते फोल्डर आवरले, फाइलींची नावे बदलली किंवा केवळ प्रोजेक्टची छोटी फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन मित्राच्या घरी गेले की टाइमलाइनवरची, म्हणजे क्लिप ओळीने मांडायच्या पट्टीवरची, सगळी दृश्ये गायब होतात. मूळ फाइली कोठेतरी शाबूत असतील तर घाबरण्याचे कारण नाही : प्रीमिअर प्रो या संकलनाच्या प्रोग्राममध्ये ‘लिंक मीडिया’ आणि दा विंची रिझॉल्व्ह या तशाच प्रोग्राममध्ये ‘रीलिंक’ हा पर्याय वापरून त्यांची नवी जागा दाखवून द्यावी. मुळात पहिल्याच दिवशी प्रकल्पाचे एक मुख्य फोल्डर करून त्यात चित्रण, आवाज, छायाचित्रे आणि शीर्षके यांचे वेगळे कप्पे करावेत आणि फिरवायचे झाल्यास ते संपूर्ण फोल्डरच फिरवावे.

चित्रण एकमेकांना व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या व्हिडिओसारखे पाठवू नये, कारण त्यात ते दाबले जाऊन दर्जा कायमचा घसरतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवल्यास मूळ फाइल जशीच्या तशी पोहोचते. पेन ड्राइव्हवर जागा असूनही मोठी फाइल उतरत नसेल, तर ड्राइव्ह बहुधा फॅट32 या जुन्या साठवण-पद्धतीचा असतो आणि त्यावर 4 जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. आतील मजकूर दुसरीकडे काढून ठेवून ड्राइव्ह एक्सफॅट या नव्या पद्धतीत फॉरमॅट करावा.

आवाज आणि ओठ जुळत नाहीत

येथे आधी एक गोष्ट तपासावी. फरक पहिल्या सेकंदापासून सारखाच असेल, तर आवाजाची पट्टी थोडी मागेपुढे सरकवली की काम भागते. सुरुवातीला सारे ठीक असून दहाव्या मिनिटाला वक्त्याचे ओठ आधी हलत असतील, तर दोष वेगळा आहे. मोबाइल उजेडाप्रमाणे दर सेकंदाच्या चौकटींची (फ्रेम्सची) संख्या कमीजास्त करतो, तर संकलनाचा प्रोग्राम ती स्थिर असल्याचे धरून चालतो; म्हणून तफावत हळूहळू वाढत जाते. अशी क्लिप संकलनापूर्वी हँडब्रेक या मोफत प्रोग्राममधून ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून काढून घ्यावी. टाइमलाइनवर तुकडे करून आवाज ओढत बसणे हा उपाय नव्हे, ती केवळ मेहनत आहे.

मुलाखतीतला कूलर

चित्र थोडे हलले तर प्रेक्षक चालवून घेतो, पण शब्द कळले नाहीत तर तो उठून जातो; तरीही विद्यार्थ्यांचा सगळा जीव कॅमेऱ्याच्या दर्जात अडकलेला असतो. नागपूरच्या उन्हाळ्यात घरोघरी कूलर सुरू असतो आणि कान त्याला इतके सरावलेले असतात की चित्रण करताना तो जाणवतच नाही. यजमानांची परवानगी घेऊन तो पाच-दहा मिनिटांसाठी बंद करावा आणि दुसरा मोबाइल रेकॉर्डर म्हणून वक्त्याच्या छातीजवळ ठेवावा. बंद करणे शक्यच नसेल, तर कोणी बोलत नसताना नुसत्या घरघरीचे अर्धा मिनिट टिपून ठेवावे. ऑडॅसिटी या आवाज-संकलनाच्या प्रोग्राममध्ये तेवढा भाग निवडून ‘नॉइज रिडक्शन’मध्ये त्याचा नमुना घ्यावा आणि मग संपूर्ण पट्टीवर उपाय लावावा. कूलरचा आवाज एकसुरी असल्याने हा उपाय बऱ्यापैकी लागू पडतो. इतवारी बाजारातल्या हॉर्नवर तो चालत नाही. प्रमाण फार वाढवले तर माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो. ढोलताशांजवळ मात्र भीती उलटी असते : पातळी मर्यादेबाहेर जाऊन आवाजाचे शेंडे फाटले की ते पूर्ववत होत नाहीत, म्हणून पातळी आधीच कमी ठेवून थोडे दूर उभे राहावे.

ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकताना दिसले, तर आपल्याकडील वीज 50 हर्ट्झची आहे हे आठवावे आणि शटरचा वेग 1/50 किंवा 1/100 सेकंदावर ठेवावा. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास गेला की उन्हात धरलेला मोबाइल तापून रेकॉर्डिंग आपोआप बंद पडते. त्यावर सावलीखेरीज तोडगा नाही.

मराठी अक्षरे फुटणे

जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर यूट्यूबच्या वर्णनात चिकटवला की निरर्थक चिन्हे उमटतात. म्हणून सुरुवातीपासून युनिकोडमध्येच, म्हणजे सर्व उपकरणांवर सारख्या वाचल्या जाणाऱ्या अक्षर-संकेतात, लिहावे. युनिकोड असूनही प्रीमिअर प्रोमध्ये वेलांटी भलतीकडे जात असेल किंवा जोडाक्षरे सुटत असतील, तर प्रेफरन्सेसमधील ‘ग्राफिक्स’ विभागात दक्षिण आशियाई लिप्यांसाठीचे टेक्स्ट इंजिन (अक्षरे मांडणारी यंत्रणा) निवडावे. उपशीर्षकांची एसआरटी फाइल (वेळेसह मजकुराची साधी फाइल) यूटीएफ-8 या युनिकोडच्या प्रकारात जतन करावी.

एकावरच सगळा भार

गटातल्या ‘कॉम्प्युटरवाल्या’ मुलावर संकलन सोपवून बाकीचे मोकळे होतात आणि तोंडी परीक्षेत त्यांना टाइमलाइनही ओळखता येत नाही. त्याच चित्रणातून प्रत्येकाने एक मिनिटाची स्वतःची आवृत्ती करावी, असे शिक्षकांनी सांगितल्यास कोण कोठे अडतो हे लगेच कळते.

प्रसिद्धीपूर्वी पार्श्वसंगीत तपासावे. 1957 च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम 52 मध्ये शिक्षणसंस्थेच्या उपक्रमांतील सादरीकरणाला सवलत आहे. पण ती विद्यार्थी, शिक्षक, पालक अशा मर्यादित प्रेक्षकांपुरती आहे आणि यूट्यूबवर चढवलेल्या चित्रपटगीताला ती झाकत नाही. त्याऐवजी यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतील संगीत घ्यावे. गूगल ड्राइव्हची लिंक परीक्षकांना पाठवण्याआधी ब्राउझरच्या खासगी खिडकीत, लॉग-इन न करता, एकदा उघडून पाहावी. ‘परवानगी मागा’ असे दिसले तर शेअरिंग अजून बंद आहे.