पोटमाळ्याच्या वायुवीजनाचे काम काढण्यापूर्वी: तयारीची यादी

छपराला नवे झरोके पाडण्याचा किंवा माळ्यावर पंखा बसवण्याचा निर्णय घेण्यापूर्वी घरमालकाने माळा स्वतः पाहून, मोजून आणि टिपून ठेवावा, कारण माळ्यावर कोंडणारी उष्णता आणि तिथे साचणारी ओल या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांचे उपायही पुष्कळदा वेगळे निघतात. मोकळी हवा खेळल्याने दोन्हींना उतार पडतो हे खरे. परंतु घरातली दमट हवा छताच्या फटींतून सतत वर चढत असेल, तर झरोके कितीही वाढवले तरी ओल हटत नाही. ही यादी उतरत्या छपराखाली वेगळा, न वापरलेला माळा असलेल्या घरांसाठी आहे. ज्या घरात उष्णतारोधक थर थेट छपराच्या आतल्या बाजूला चिकटवून माळा घराचाच भाग केलेला असतो, तिथे झरोके मुद्दामच ठेवलेले नसतात आणि ते नव्याने पाडू नयेत.

माळ्यावर सकाळी, छप्पर तापण्याआधी चढावे आणि आपण वर असल्याचे घरात कोणाला तरी ठाऊक असावे. डोक्याला बांधायचा दिवा, धूळ अडवणारा मास्क, चष्मा, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे लागतील. तुळयांवर आडव्या टाकण्यासाठी एक-दोन भक्कम फळ्या न्याव्यात, कारण दोन तुळयांमधले छत माणसाचे वजन पेलण्यासाठी केलेले नसते. जुन्या घरात दाणेदार खनिज भरण (छतावर उष्णता अडवण्यासाठी पसरलेला थर) किंवा अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे असण्याची शंका आली, तर त्यांना हात न लावता परत फिरावे आणि आधी त्यांची तपासणी करून घ्यावी.

पाहणीत पहिला प्रश्न सोडवायचा तो डागांचा. पावसाची गळती बहुधा एका जागी, दोन पाखी मिळतात त्या कोनात किंवा धुराड्याच्या भोवती दिसते आणि पावसानंतर वाढते. बाष्पाचे पाणी होऊन आलेली ओल मात्र पसरलेली असते: खिळ्यांच्या टोकांवर गंज, लाकडावर काळपट बुरशी, आणि थंडीच्या दिवसांत पहाटे पत्र्याच्या आतल्या अंगाला थेंब. निरभ्र रात्री छप्पर आपली उष्णता आकाशाकडे टाकून भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. २० अंश सेल्सिअसची हवा दर घनमीटरला सुमारे १७ ग्रॅम बाष्प धरू शकते, तर १० अंशांवर ती क्षमता ९ ग्रॅमच्या आसपास येते. उरलेले पाणी सर्वांत गार पृष्ठभागावर उतरते. लाकडातला ओलावा मोजण्याचे यंत्र मिळाल्यास वासे तपासावेत. २० टक्क्यांच्या वर टिकून राहिलेला ओलावा लाकूड कुजण्याची वाट मोकळी करतो, त्यामुळे असे वासे झरोक्यांच्या कामाआधी सुताराला दाखवावेत.

त्यानंतर छताच्या फटी शोधाव्यात, आणि माझ्या मते संपूर्ण यादीत सर्वाधिक वेळ इथेच द्यावा. माळ्यावर चढण्याचे झाकण, छतात बसवलेले दिवे, तारा आणि नळ वर येतात ती भोके, आतल्या भिंतींचे वरचे टोक, या प्रत्येक ठिकाणी खडूने खूण करावी. भरणाचा एखादा तुकडा धुळीने काळा पडला असेल, तर त्याच्याखालून हवा वाहत असते, हा भरवशाचा पुरावा आहे. साध्या फटी सीलंटने किंवा फोमने बुजतात. धुराचा तापलेला नळ जिथून जातो तिथे मात्र पत्रा आणि उष्णता सोसणारे सीलंटच वापरावे. न्हाणीघरातील आणि स्वयंपाकघरातील पंख्यांचे नळ माळ्यातच उघडे सोडलेले आढळले, तर ते छपराबाहेर किंवा भिंतीबाहेर नेणे हे कामाच्या यादीत सर्वांत वर लिहावे.

आता हवेची वाट. गरम हवा आढ्याजवळून बाहेर पडते ती खालून तितकीच हवा आत येत असेल तरच, म्हणून वळचणीकडे विशेष लक्ष द्यावे. दिवसा दिवा मालवून वळचणीच्या बाजूने उजेड दिसतो का ते पाहावे. तिथल्या जाळ्या रंगाने बुजलेल्या किंवा आतून भरणाने दाबल्या गेलेल्या फार वेळा आढळतात. त्या मोकळ्या केल्यानेच पुष्कळ काम होते. भरणाचा थर आणि छपराची फळी यांच्यात किमान २५ मिलिमीटर जागा राहील अशा पट्ट्या दोन वाशांमधल्या प्रत्येक गाळ्यात लागतील, म्हणून गाळे मोजून ठेवावेत.

झरोक्यांच्या मापासाठी रूढ हिशेब असा, की माळ्याच्या क्षेत्रफळाच्या १/१५० इतकी निव्वळ मोकळी जागा असावी, आणि ती वर आणि खाली साधारण निम्मी-निम्मी विभागलेली असल्यास काही अटींवर १/३०० पुरते. ९० चौरस मीटरच्या माळ्याला दुसऱ्या हिशेबाने ३,००० चौरस सेंटिमीटर, म्हणजे वळचणीला १,५०० आणि आढ्याजवळ १,५०० लागतील. हे माप झरोक्याच्या चौकटीचे धरू नये. जाळी आणि पट्ट्या बरीच जागा खातात, म्हणून उत्पादनावर छापलेले निव्वळ माप घ्यावे. दोन्ही बाजू सारख्या करता येत नसतील, तर खालची बाजू मोठी ठेवावी. आढ्याला सलग झरोका आणि त्रिकोणी भिंतीत जुनी जाळी असे दोन्ही ठेवल्यास आढे आपली हवा वळचणीऐवजी जवळच्या जाळीतून ओढू शकते. त्या जाळीचे काय करायचे ते आधीच ठरवावे.

विजेच्या पंख्याची घाई करू नये. खालून पुरेशी हवा मिळाली नाही, तर तो घरातली थंड केलेली हवा छताच्या फटींतून ओढतो, आणि घरात धुराड्याला जोडलेली ज्वलनाची उपकरणे असतील तर त्यांचा विषारी धूर खोल्यांमध्ये उलटा येण्याचा धोका निर्माण होतो.

कारागिराशी बोलताना छपराचा उतार, आढ्याची लांबी, गाळ्यांची संख्या, छायाचित्रे आणि वरील हिशेब हाताशी ठेवावा. जोडांवरून पाणी आत येऊ नये यासाठी तो पत्र्याची कोणती पट्टी बसवणार, जाळीची भोके ६ मिलिमीटरहून मोठी नसतील ना, आणि उघडलेले छप्पर त्याच दिवशी बंद होईल का, हे लेखी घ्यावे. काम कोरड्या दिवसांत ठरवावे आणि तरीही ताडपत्री घरात आणून ठेवावी. शेवटी एक तापमान व आर्द्रतामापक माळ्यावर आणि दुसरा घराबाहेर सावलीत ठेवून, कामाआधीचे काही दिवस पहाटे आणि दुपारी नोंदी कराव्यात. काम झाल्यावर तशाच हवामानात त्याच वेळांच्या नोंदी घेऊन दोन्ही तक्ते शेजारी ठेवावेत, आणि पहाटेची आर्द्रता उतरली नसेल तर पुन्हा छताच्या फटींकडेच वळावे.