धुतलेलं इंजिन घेऊ नका

जुनं इंजिन घेताना माझी पहिली अट असते की ते मळकं हवं. डिझेलने धुऊन, वरून सिल्व्हर रंग मारलेलं इंजिन समोर आलं की मी पाना बाहेरच काढत नाही. तेल कुठून झिरपत होतं, पाणी गळून पांढरा खार कुठे साचला होता, हेडच्या बोल्टला अलीकडे पाना लागलाय का, हे सगळं त्या मळात दिसतं. मळ गेला की विकणाऱ्याच्या शब्दावर भिस्त ठेवण्याशिवाय हातात काही उरत नाही.

नाशिकच्या सातपूरला आमच्या गॅरेजवर इंजिन बदलायला मुख्यतः दोन प्रकारचे लोक येतात. निफाड-पिंपळगावकडचे शेतकरी, ज्यांच्या पिकअपचं इंजिन टोमॅटो आणि द्राक्षं वाहून वाहून बसलंय. आणि मारुतीची जिप्सी हौसेने सांभाळणारी पोरं. जिप्सीचं १२९८ सीसीचं इंजिन मिळेना की ही पोरं मारुतीच्याच एस्टीमचं शोधतात. दोन्ही इंजिनं सुझुकीच्या जी-१३ घराण्यातली, त्यामुळे ते जमतं. पण एस्टीममध्ये इंजिन आडवं बसतं, जिप्सीत उभं, म्हणजे गाडीच्या लांबीला धरून. चेंबर (खालचं ऑइलचं भांडं) आणि माउंटिंगमध्ये (इंजिन बसवायच्या पायांत) फरक पडतो, म्हणून नवीन इंजिन चालू होईपर्यंत जुन्याचा एक नटसुद्धा भंगारात देऊ नका. व्हॉल्व्ह ८ आहेत की १६, तेही मोजा. आणि एस्टीम २००७ साली बंद झाली. ‘परवाच गाडीतून काढलंय’ हे खरं असलं, तरी इंजिनाचं वय त्याने कमी होत नाही.

शक्य असेल तर इंजिन गाडीत असतानाच बघा, आणि थंड असताना. आधी ब्लॉकला हात लावा. गरम लागला तर तुम्ही यायच्या आधी कोणीतरी ते चालवून ठेवलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी येतो म्हणून सांगा. सेल्फ मारल्यावर ऑइलचा दिवा दोन-तीन सेकंदांत विझला पाहिजे. मग ऑइल भरायचं झाकण उघडा. तिथून भकाभका धूर येत असेल तर इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारतंय, म्हणजे पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) गेलेत.

बाहेर काढून ठेवलेलं इंजिन असेल तर प्लग काढा, क्रँकच्या पुलीच्या बोल्टला सॉकेट लावा आणि हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा, इंजिन ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने. दोनच का, तर चारही सिलिंडरचं चक्र दोन फेऱ्यांत पुरं होतं. कुठे अडलं तर जोर लावू नका. ‘बरेच दिवस पडून होतं, सुटेल’ असं सांगतात. सुटेलही, पण गंजलेल्या बोअरवरून रिंगा घासून सुटेल. जे हाताने फिरत नाही ते मी फक्त भंगाराच्या भावाने घेतो.

प्लग हातात आहेतच, तर ते ओळीने मांडा. सगळे फिकट तपकिरी असतील तर उत्तम. एखादा ओला काळा असेल तर त्या सिलिंडरमध्ये तेल येतंय. तीन काळपट आणि एक धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर जास्त सावध व्हा: तिथे पाणी शिरत होतं, वाफेने तो साफ झालाय.

सेल्फ बसवलेला असेल तर बॅटरी लावून कॉम्प्रेशन गेजने मोजा. सगळे प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा. पेट्रोलला साधारण १५० ते २०० पीएसआय यायला हवं. डिझेलला याच्या दुपटीहून जास्त. मी आकड्यापेक्षा सिलिंडरमधला फरक बघतो. १० ते १५ टक्क्यांच्या वर गेला की पेट्रोल इंजिनाच्या त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून परत मोजा. आकडा वाढला तर रिंगा; तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

ऑइल विकणाऱ्याला आधी काढू देऊ नका, तुमच्यासमोर काढायला लावा. दुधाळ चहासारखं आलं तर पाणी मिसळलंय, विषय संपला. फक्त झाकणाच्या आत थोडी पांढरी साय असेल तर लगेच घाबरू नका. निफाडच्या डिसेंबरमध्ये, जवळच्या जवळ चालणाऱ्या गाडीत दवानेही ती धरते. डिपस्टिक स्वच्छ असेल तर पुढे बघा. निघालेल्या तेलात लोहचुंबक फिरवा, पण बेअरिंगचा चुरा चुंबकाला चिकटतोच असं नाही. ते तेल पांढऱ्या फडक्यावर ओतून उन्हात धरलं की चमक दिसते.

आपल्याकडे पाण्याचा भाग लोक सोडून देतात, आणि इंजिनं त्यानेच जातात. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरवेलचं पाणी भरलेलं असतं. थर्मोस्टॅटचं घर उघडून टॉर्च मारा. हिरवट किंवा लालसर कूलंटचा ओशटपणा दिसला तर मालक नीट होता. गंजाचा चिखल आणि चुन्याची खपली दिसली तर ते इंजिन कसारा घाट चढताना तापणार. ब्लॉकच्या कडेला पत्र्याच्या गोल टोप्या असतात, त्यांच्याभोवतीही गंजाचे ओघळ बघा.

टर्बो असेल तर शाफ्ट पुढे-मागे ओढून बघा, तसा हलता कामा नये. इलेक्ट्रॉनिक इंजिन असेल तर ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर), चावी-इमोबिलायझर आणि न कापलेलं वायरिंग सोबत मिळत असेल तरच भाव करा.

पैसे देण्याआधी ब्लॉकवरचा इंजिन नंबर स्वतः वाचा. घासलेला किंवा नव्याने ठोकलेला वाटला तर तिथून निघा. चोरीच्या गाडीचा आहे का, ते एनसीआरबीच्या (देशाच्या गुन्हे नोंद विभागाच्या) ‘वाहन समन्वय’ या ऑनलाइन यंत्रणेवर तपासता येतं. बिलावर हाच नंबर आणि ज्या गाडीतून काढलं तिचा चासी नंबर लिहून घ्या. आरसीवर इंजिन नंबर असतो, त्यामुळे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे बदलाला आरटीओची मंजुरी लागते. एमएच-१५ वाल्यांनी, म्हणजे नाशिकच्या गाड्यांनी, इंजिन उचलायच्या आधी पेठ रोडच्या आरटीओत जाऊन कागद विचारून यावेत.

आणि घरी आणलं की लगेच गाडीत टाकू नका. क्रँकची मागची सील, टायमिंग बेल्ट, वॉटर पंप हे सगळं इंजिन जमिनीवर असतानाच बदला. मागची सील नंतर गळाली तर ती बदलायला गिअरबॉक्स परत उतरवावा लागतो.