बुधवारची सायकल: ऑफिसला सायकलने निघालेल्यांनो, या चुका टाळा

मी सायकलने ऑफिसला जायला लागून बरीच वर्षं झाली. एवढ्या काळात माझ्याहून तरुण, माझ्याहून दमदार आणि माझ्याहून कितीतरी भारी सायकलवाले सुरू होताना पाहिले, आणि त्यातले बरेच महिन्याभरात गपचूप गाडीवर परतलेलेही पाहिले. पाय दमले म्हणून सोडणारे थोडे. बाकीचे सोडतात ते त्याच त्या घोळांमुळे. दर नव्या भिडूला तेच ते सांगून मला कंटाळा आलाय, म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

रविवारची सायकल बुधवारी चालवणं

सायकल घेताना माणूस मनाने रविवारी पहाटे कुठल्यातरी डोंगरावर असतो. चालवायची मात्र असते बुधवारी, पावणेनऊला, लॅपटॉप घेऊन, साडेनऊच्या मीटिंगला. मग घरी काय येतं, तर जाडजूड गुट्ट्यांचे टायर, पुढे शॉकअप आणि हौस जास्तच असेल तर मागेही शॉकअप. स्वस्तातल्या सायकलीचा पुढचा शॉकअप एकटाच अडीच किलोच्या आसपास भरतो. शिवाय चढावर उभं राहून पायडल मारलं की तो खालीवर होतो आणि तुमच्या जोरातला काही वाटा स्प्रिंग खाते. डांबरी रस्त्याचे हादरे पचवायला 35 ते 40 मिलिमीटर रुंदीचा, बेताच्या हवेचा टायर पुरतो. जॉन बॉइड डनलॉप हे जनावरांचे डॉक्टर. त्यांनी 1887 मध्ये मुलाच्या तीनचाकीला हवेचे टायर लावले आणि पुढच्या वर्षी पेटंट घेतलं, तेही असेच हादरे कमी करायला. खरा शॉकअप सगळ्याच सायकलींना असतो, फक्त तो दुकानात चमकत नाही.

दुसरं टोक म्हणजे शर्यतीची सायकल. ती पळते झकास, पण मडगार्डला जागा नाही आणि कॅरियर लावायला बोल्टची भोकं नाहीत. पहिल्या पावसात पाठीवर चिखलाची सरळ रेघ उठते. सायकल पसंत करताना खाली वाका आणि मागच्या ॲक्सलजवळ फ्रेमला भोकं आहेत का ते बघा. माझ्या मते गिअरच्या आकड्यापेक्षा ही दोन भोकं महत्त्वाची. पुढे तीन आणि मागे सात म्हणजे 21 गिअर असं स्टिकर सांगतं, पण त्यातले कितीतरी एकमेकांच्या इतके जवळ असतात की पायाला फरक कळत नाही. रस्ता सपाट असेल तर एकच गिअर असलेली सायकलही वर्षानुवर्षं कामाला येते, आणि बिघडायला तिच्यात फारसं काही नसतं.

माझी सायकल स्टीलच्या फ्रेमची, मागे आठ गिअर, पुढे एकच चक्र, मडगार्ड, कॅरियर. दिसायला अगदी पोस्टमनची. प्रवासात मध्ये ट्रेन असेल तर घडीची सायकल बघा. आणि बॅटरीवाल्या सायकलीला ‘फसवणूक’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, त्यातले निम्मे स्वतः स्कूटरवरून येतात.

ट्यूब बदलली, काटा तसाच

या चुकीवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण ती मी स्वतः केली आहे, तीही एकाच सकाळी दोनदा.

मागचं चाक बसलं. मी सराईतासारखा कडेला थांबलो, चाक काढलं, जुनी ट्यूब बाहेर, नवी आत, आठ मिनिटांत हवा भरून मोकळा. मनात स्वतःची पाठही थोपटली. पाचसहाशे मीटर गेलो आणि मागून पुन्हा तो परिचित लिबलिबीत झोल. पिशवीत पॅच मारलेली एक जुनी ट्यूब होती, ती घातली. तिने जेमतेम एक किलोमीटर काढला. पुढचे चार किलोमीटर मी सायकलला चालवत नेलं, मला तिने नाही. मीटिंगला पोचलो तेव्हा सगळे उठत होते.

संध्याकाळी टायर उलटा करून बसलो. बोटाला काही लागेना. शेवटी जुना सुती मोजा हातात घालून आतून फिरवला, तर एके ठिकाणी धागा अडकला. केसाएवढी बारीक पोलादी तार होती. ट्रकच्या जुन्या टायरातून असल्या तारा रस्त्यावर पडतात. नुसत्या टायरात ती दिसत नव्हती, बोचतही नव्हती. अंगाचं वजन पडलं की तेवढी आत यायची, ट्यूबला टोचायची आणि परत दडून बसायची. चिमट्याने ओढली तेव्हा निघाली.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. टायर चढवताना त्यावरचं कंपनीचं नाव बरोबर व्हॉल्व्हच्या समोर येईल असं बसवतो. पंक्चर झालं की ट्यूब बाहेर काढतो, फुगवतो, भोक शोधतो आणि व्हॉल्व्हपासून ते किती वीत लांब आहे ते मोजतो. नावापासून तेवढ्याच अंतरावर टायर तपासला की गुन्हेगार सापडतो. ट्यूब कोणत्या बाजूने घातली होती हे विसरलात तर दोन्हीकडे बघा. जागा दोनच आहेत, अख्खा टायर चाचपायला नको.

भोक कुठे आहे यावरून पुष्कळ कळतं. रस्त्याकडच्या बाजूला असेल तर काटा, काच किंवा तार. रिमकडच्या बाजूला असेल तर आतली रिम टेप, म्हणजे आऱ्यांची भोकं झाकणारी पट्टी, सरकली आहे, आणि आऱ्याचं टोक किंवा भोकाची कड ट्यूबला लागतेय. अशा वेळी टायर कितीही तपासा, काही मिळणार नाही. शेजारी शेजारी दोन चिरा, साप डसल्यासारख्या, असतील तर काटा शोधूच नका. हवा कमी होती, खड्ड्यात चाक आदळलं आणि ट्यूब रिमवर चेमटली. व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटली असेल तर पंप लावताना तुम्ही हिसडाहिसडी केली आहे. तिथे पॅच टिकत नाही, ट्यूब टाकून द्या.

आणखी एक. टायर रिमवर चढवताना शेवटचा घट्ट भाग लिव्हरने रेटून बसवतात. त्यात लिव्हरखाली ट्यूब सापडते आणि नवं पंक्चर तिथेच तयार होतं. टायरची कड सगळीकडून रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकला, शेवटचा भाग व्हॉल्व्हपाशी ठेवा, म्हणजे तो बहुतेक वेळा अंगठ्यांनीच बसतो. ‘माझ्या हातात जोर नाही’ म्हणणाऱ्यांनी हे आधी करून बघावं.

हवा ‘आहे की’

अंगठ्याने टायर दाबून ‘आहे की हवा’ म्हणणं ही हवा मोजण्याची पद्धत नाही. ट्यूबच्या रबरातून हवा आपसूक झिरपते, पंक्चर नसलं तरी. आठवड्यातून एकदा दाब दाखवणारा काटा असलेल्या उभ्या पंपाने बघायचं. माणूस सत्तरपंचाहत्तर किलोचा असेल तर 28 मिलिमीटरच्या टायरला साधारण 70 ते 85 पीएसआय (हे दाबाचं माप) आणि 35 च्या टायरला 50 ते 60. मागे चारपाच जास्त, कारण वजन तिकडे जास्त असतं. टायरच्या बाजूवर छापलेला सर्वांत मोठा आकडा ही मर्यादा आहे, तिथपर्यंत पोचायची पैज नाही.

पंपाचं तोंड आपल्या व्हॉल्व्हला बसतं का, हे घरी बघून ठेवा. बारीक प्रेस्टा आणि जाडा, मोटारीसारखा श्रेडर हे वेगळे प्रकार आहेत. रस्त्यात हा शोध लागलेले लोक मी पाहिले आहेत.

स्प्रे मारला, काम झालं!

दुसरी माझी नावडती चूक. चेन कुरकुरते, म्हणून माणूस गंज सोडवणारा स्प्रे आणतो आणि फवारतो. आवाज बंद! दोन दिवसांनी पुन्हा सुरू, मग पुन्हा फवारा. घरोघरी असतो तो डब्ल्यूडी-40 चा मूळ डबा घ्या. नावातलं डब्ल्यूडी म्हणजे पाणी हटवणं, आणि 40 म्हणजे तो चाळिसाव्या प्रयत्नात जमला. अडकलेला नट सोडवायला तो उत्तम आहे, पण चेनच्या आत टिकून राहील इतका दाट थर तो ठेवत नाही. उलट आधीचं होतं नव्हतं ते तेलही धुऊन काढतो.

आमच्या ऑफिसातल्या एका मुलाने नवीकोरी डिस्क ब्रेकची सायकल घेतली. एका संध्याकाळी निघायच्या घाईत त्याने सायकल भिंतीला टेकवून चेनवर मनसोक्त स्प्रे मारला. मागची डिस्क चेनच्या पलीकडच्याच बाजूला, आऱ्यांच्या आड. फवारा काही विचारून थांबत नाही. दुसऱ्या दिवशी उतारावर त्याने मागचा ब्रेक दाबला, तर सायकल डुकरासारखी किंचाळली आणि वेग मात्र तसाच. पुढचा ब्रेक घाबरत घाबरत, बुटांचे तळवे रस्त्यावर घासत तो कसाबसा थांबला. सुदैवाने समोर कुणी नव्हतं. वर मलाच विचारतो, ‘ब्रेकलाही थोडं तेल घालू का, आवाज करतोय?’

तेल लागलेली डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ फडक्याने पुसता येते. पॅड मात्र तेल पिऊन घेतात. सँडपेपरने घासून बघतात लोक, पण तसे वाचलेले पॅड मी तरी फार पाहिले नाहीत. नवे घाला आणि विषय संपवा. डिस्कला नुसत्या बोटांनीही हात लावू नका, कातडीचा तेलकटपणाही तिला चालत नाही.

चेनचं काम असं करतो: फडक्यात धरून पायडल उलटं फिरवत पुसायची. मग बाटलीतलं सायकलच्या चेनचं तेल, प्रत्येक रोलरवर एक थेंब, एवढंच. दोन मिनिटं फिरवायची, थोडा वेळ थांबायचं आणि बाहेरून पुन्हा कोरडी पुसून काढायची. हे शेवटचं पुसणं कुणी करत नाही. बाहेर राहिलेलं तेल धूळ धरतं आणि त्याची काळी खळ दातांना घासत राहते. पावसात भिजून आलात तर त्याच रात्री पुसा.

चेन झिजली का ते पट्टीने कळतं. एका पिनेच्या मध्यावर शून्य धरा, नव्या चेनमध्ये बरोबर 12 इंचांवर पिनेचा मध्य येतो. एक सोळांश इंच पुढे गेला असेल तर चेन बदला. एक अष्टमांश गेला असेल तर मागची दातेरी चक्रंही बहुधा गेली. मग नवी चेन जुन्या दातांवरून घसरते, आणि ‘चेन खराब निघाली’ म्हणून ओरड सुरू होते.

गुडघ्याला बाशिंग

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो, उतावळा सायकलवाला गुडघ्याला बँडेज. सीट खाली ठेवायची, कारण दोन्ही पाय जमिनीला टेकले की बरं वाटतं. गिअर जड ठेवायचा, कारण ‘व्यायाम होतो’. पंधरवड्यात गुडघ्याची वाटी पुढून दुखायला लागते. सीटवर बसा, पायडल सगळ्यात खाली घ्या, त्यावर टाच ठेवा. पाय सरळ व्हायला हवा. मग चवड्याने पायडल मारताना गुडघ्यात आपोआप थोडा बाक राहतो. गुडघा मागून दुखत असेल तर सीट जास्त वर गेली आहे. सीटच्या दांड्यावर कोरलेली मर्यादेची रेघ बाहेर दिसता कामा नये. ती दिसू लागली तर फ्रेम तुम्हाला लहान आहे. गिअर असा ठेवा की पाय मिनिटाला सत्तर ते नव्वद फेरे सहज मारतील. चढ सुरू होण्याआधी गिअर हलका करा, अर्ध्या चढावर पूर्ण जोर लावून नव्हे. तो कडाड्‌ आवाज मला दोन गल्ल्या पलीकडून ऐकू येतो.

उरलेल्या, थोडक्यात

डावं पायडल उलट्या आट्याचं असतं. सुटत नाही म्हणून पान्यावर उभे राहून ते आणखी आवळू नका.

चाकाचा क्विक रिलीज, म्हणजे पान्याशिवाय चाक काढायची दांडी, ही खिट्टी आहे, पतंगनट नाही. फिरवून आवळायचा नसतो, दाबून बंद करायचा असतो, आणि दाबताना तळहातावर वळ उठला पाहिजे.

फक्त पुढचं चाक खांबाला कुलूपबंद करणारे संध्याकाळी एक चाक घेऊन घरी जातात. कुलूप फ्रेम आणि मागचं चाक दोन्हींतून जायला हवं.

समोरचा दिवा रस्त्यावर पाडा, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत नाही.

बॅग पाठीवरून कॅरियरवर आली की घामाची निम्मी तक्रार मिटते. उरलेली निम्मी शेवटची दहा मिनिटं हळू चालवून मिटते, पण ती कुणाला मंजूर नसते.

पहिल्याच आठवड्यात पाचही दिवस

नवा माणूस मला विचारतो, ‘किती मिनिटांत पोचता?’ रस्ता कुठला घेता, हे कुणी विचारत नाही. मोटारीचा नेहमीचा रस्ता सायकलला चांगला असेलच असं नाही. सुट्टीच्या दिवशी एकदा जाऊन या, एखाद किलोमीटर लांबचा पण शांत रस्ता सापडतो का बघा. पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोनच दिवस जा. मी हे सांगतो, समोरचा मान हलवतो आणि सोमवारपासून रोज निघतो. गुरुवारी त्याचं बूड बोलायला लागतं.

त्याच घाईत तो उभ्या मोटारींना घासून जातो. कुठलंही दार कधीही उघडतं, तेव्हा दाराएवढं अंतर सोडा, म्हणजे मीटरभर तरी. मागचा हॉर्न वाजवतो, वाजवू द्या. आणि सिग्नलला उभ्या ट्रकच्या बाजूच्या फटीतून पुढे घुसू नका. ट्रक वळताना त्याची मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात आणि ती फट बंद होते. आरशात तुम्हाला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. ट्रकच्या मागेच थांबा, धूर खावा लागला तरी.