देवकुंडला जायचंय? मग पाऊस संपू द्या

देवकुंड धबधब्याचे रील्स बघून जुलैमध्येच बॅगा भरणाऱ्यांना आधी हात जोडून सांगते, पावसाळ्यात जाऊ नका. तिथे माणसं बुडालीयेत म्हणून जवळपास दरवर्षी पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचा बंदी आदेश निघतो, आणि तसंही तेव्हा कुंडात उतरण्यासारखं पाणी नसतंच, नुसता लोंढा असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जा, धबधबा चालू असतो, पाणी निवळून हिरवट-निळं झालेलं असतं आणि वाटेतले ओढेही पार करता येतात.

पायथ्याचं गाव भिरा, रायगड जिल्ह्यात. पुण्याहून मुळशी, ताम्हिणी घाट उतरून विळ्याकडून भिऱ्याला, मुंबईकरांनी पनवेल, नागोठणे, कोलाड असं यायचं. पहाटेच निघा कारण चालायलाच जाऊन-येऊन चार-पाच तास जातात आणि उशिरा पोचलात तर पाण्यात बसायला वेळच उरत नाही. गावात नोंदणी करून स्थानिक वाटाड्या घ्या, पैसे वाचवायला जाऊ नका, जंगलात वाटा फुटतात आणि आज कुठला ओढा कसा आहे हे त्यालाच माहीत असतं.

सुरुवातीला भिरा धरणाच्या पाण्याकडेनं सपाट वाट आहे, मग जंगल, ओढे आणि शेवटी मोठमोठ्या दगडांवरून चढ. शेवाळलेल्या कातळावर चप्पल अजिबात चालत नाही, ग्रिपवाले बूटच हवेत. जीन्स नको, भिजली की जड होते. कोरडे कपडे आणि मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत नीट बांधून घ्या.

आता कुंडाबद्दल, हे नीट वाचा. तिन्ही बाजूंनी उभे कडे, त्यामुळे ऊन थोडाच वेळ येतं आणि पाणी गारठवणारं असतं. घामाघूम होऊन पोचलात की लगेच उडी मारायची नाही, थोडं बसा, श्वास खाली येऊ द्या, मग हातपाय-तोंड ओलं करून हळूहळू उतरा. अचानक गार पाण्यात गेलं की दम लागतो आणि पट्टीचे पोहणारेही गडबडतात. धबधब्याच्या अगदी खाली तर जाऊच नका. तिथलं पांढरं फेसाळ पाणी हवेनं भरलेलं असतं, त्यात अंग नेहमीसारखं तरंगत नाही, शिवाय वरून पडणारी धार खाली दाबते. दोर बांधलेला असेल तर त्याच्या अलीकडेच राहायचं, आणि पोहता येत असलं तरी लाईफ जॅकेट घालायचं. दारू पिऊन पाण्यात उतरणाऱ्या ग्रुपसोबत तर जाऊच नका, मग मित्र रागावले तरी चालतील.

अजून एक, तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी घाटमाथ्यावर पाऊस पडत असू शकतो. पाणी एकदम गढूळ झालं, पालापाचोळा-काटक्या वाहून यायला लागल्या किंवा धबधब्याचा आवाज वाढला की फोटो राहू देत, सगळ्यांना बाहेर काढा आणि वाटाड्या सांगेल तिथे उंचावर जाऊन थांबा. फुगलेला ओढा ओलांडायची घाई करायची नाही, पाऊस थांबला की तो बऱ्याचदा काही तासांत उतरतो.

जेवणाचं मात्र सकाळी निघतानाच गावात सांगून ठेवा, परत आल्यावर गरम भाकरी-पिठलं मिळतं. वर फक्त सुका खाऊ न्या आणि रिकामी पाकिटं, बाटल्या सगळं परत खाली आणा.